नळाला करंगळीएवढी धार: टाकी, पाइप आणि सोलरचा उंचीचा हिशेब

सगळ्यात वरच्या मजल्याची तक्रार ठरलेली असते. नळाला करंगळीएवढी धार, आणि शॉवर तर नुसता ठिबकतो. त्यावर सुचवला जाणारा उपायही ठरलेला: मोठी टाकी बसवा. मग पाचशे लिटरची टाकी काढून हजारची चढवतात, पैसे जातात आणि धार होती तेवढीच राहते.

नळाशी येणारा दाब टाकीत पाणी किती आहे यावर ठरतच नाही. पाण्याची पातळी नळाच्या किती वर आहे, यावर ठरतो. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिनने हे १५८६ सालीच दाखवून दिलं होतं: भांडं रुंद असो की अरुंद, तळावरचा दाब फक्त उंची ठरवते. दर मीटरला साधारण ०.१ बार (बार हे दाबाचं एकक). प्लंबरच्या भाषेत 'एक किलो प्रेशर' म्हणजे १० मीटर उभं पाणी. पाचशे लिटरची टाकी आणि पाच हजारांची टाकी एकाच पातळीपर्यंत भरली असेल, तर नळाला दोघींत फरक कळणार नाही.

तेव्हा आधी टेप घेऊन उंची मोजा. तळमजला अधिक तीन अशी इमारत धरू, प्रत्येक मजला ३ मीटरचा. टाकी गच्चीवर १ मीटरच्या ओट्यावर, टाकीत भरलेलं पाणी १.२ मीटर. वरच्या मजल्यावर शॉवर जमिनीपासून २.१ मीटरवर. गच्चीची फरशी त्या मजल्याच्या जमिनीपासून ३ मीटर वर, त्यात ओट्याचा १ मीटर मिळवून शॉवरची उंची वजा केली की टाकीचा तळ शॉवरच्या फक्त १.९ मीटर वर निघतो. टाकी भरलेली असेल तर ३.१ मीटर. म्हणजे ०.१९ ते ०.३१ बार. तळमजल्यावर याच शॉवरला ९ मीटर जास्त मिळतात, म्हणजे टाकी तळाला लागलेली असतानाही १०.९ मीटर. वरच्यापेक्षा साडेपाचपटीहून जास्त दाब. धारेचा वेग मात्र उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तो सुमारे २.४ पट भरतो. टाकी उतरत गेली की वरच्यांचा शॉवर का बसतो, तेही यातच आलं: ३.१ वरून १.९ म्हणजे पाणी पाचवा हिस्सा कमी. तळमजल्यावाल्याला १२.१ आणि १०.९ मधला फरक जाणवतही नाही, म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याचा या विषयावर विश्वास बसत नाही.

हा झाला नळ बंद असतानाचा दाब. नळ उघडला की दुसरा हिशेब सुरू होतो, आणि बहुतेक घरांत खरी गळचेपी तिथेच होते.

पाणी वाहायला लागलं की पाइपाच्या भिंतीशी घासत ते उंची 'खर्च' करतं. अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपाचा आतला व्यास सुमारे साडेबारा मिलिमीटर असतो. त्यातून मिनिटाला १० लिटर नेले, तर प्रत्येक मीटर लांबीला साधारण २० सेंटीमीटर उंची खर्च होते. पाऊण इंचीचा आतला व्यास १८ मिलिमीटरच्या आसपास. तिथे तोच प्रवाह मीटरला फक्त साडेतीन सेंटीमीटर खातो. व्यास दीडपटही वाढला नाही आणि खर्च साधारण सहावा हिस्सा झाला, कारण हा खर्च व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतो. प्रवाह दुप्पट केला तर खर्च सव्वातीन-साडेतीनपट होतो, हेही त्यातच धरा.

आता वरचे १.९ मीटर घ्या. टाकीपासून शॉवरपर्यंत १० मीटर अर्धा इंची पाइप आणि वाटेत आठ एल्बो (काटकोनात वळवणारे जोड). एक एल्बो साधारण तीस व्यासांइतक्या सरळ पाइपाएवढं अडवतो, म्हणजे आठ मिळून आणखी ३ मीटर. एकूण १३ मीटर गुणिले २० सेंटीमीटर म्हणजे २.६ मीटर. जवळ आहेत १.९. म्हणजे मिनिटाला १० लिटर मिळणं शक्यच नाही. शॉवर काढून पाइप उघडा ठेवला तरी आठ लिटरच्या आसपास थांबतं. शॉवरची बारीक भोकं लावली की त्याच्या निम्मंही राहत नाही. तोच मार्ग पाऊण इंचीने केला, तर १० लिटरला सगळा मिळून अर्धा मीटर खर्च होतो आणि शॉवरसाठी १.४ मीटर हातात राहतात. टाकी बदलायच्या खर्चात हा पाइप कधीच बदलून झाला असता.

जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांत वेगळी भानगड. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आत थर धरतो, सोळा मिलिमीटरचं भोक बारावर येतं, आणि खर्च चौपटीहून जास्त होतो. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो. याशिवाय दोन किरकोळ गोष्टी आधी तपासा, कारण त्या फुकट आहेत: नळाच्या तोंडाची जाळी, आणि टाकीजवळचा गेट व्हॉल्व्ह. जुन्या गेट व्हॉल्व्हची चाकी छान फिरते, पण आतली पट्टी दांड्यापासून सुटून खालीच अडकलेली असते. कनेक्शनच्या लवचिक नळीचा आतला मार्गही तिच्या बाहेरच्या दिमाखापेक्षा बराच अरुंद असतो.

दोष उंचीचा की घासण्याचा, हे ओळखायला एक स्वस्त युक्ती आहे. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तसली पारदर्शक नळी घ्या, बाथरूममधल्या एका नळाला क्लिप लावून घट्ट बसवा आणि खिडकीतून वर गच्चीवर न्या. नळ उघडा. नळीत पाणी चढत जाऊन टाकीतल्या पातळीला येऊन थांबेल. आता खाली कुणाला तरी शॉवर पूर्ण उघडायला सांगा. नळीतली पातळी जितकी खाली आली, तितकी उंची टाकीपासून त्या बाथरूमपर्यंतच्या पाइपाने खाल्ली. दहा-वीस सेंटीमीटर उतरली तर पाइप चांगला आहे आणि तुमच्याकडे उंचीच कमी आहे. दीड मीटर उतरली तर पाइप, एल्बो किंवा व्हॉल्व्ह यांपैकी कुणीतरी चोर आहे. मग शॉवर तसाच ठेवून खालच्या मजल्यांचे नळ उघडायला लावा. पातळी आणखी कोसळली, तर सगळ्या मजल्यांसाठी असलेला सामाईक उतरता पाइपच बारीक आहे. खालचे लोक पाणी ओढतात तेव्हा वरच्या टी-पाशी (फाटा फुटणाऱ्या जोडाशी) दाब उरत नाही. त्यावर उपाय दोनच: सामाईक पाइप मोठा करणं, किंवा वरच्या मजल्याला टाकीतून स्वतंत्र पाइप देणं. मला दुसरा बरा वाटतो, त्यात भांडणं कमी.

काही वेळा नळीत पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढतच नाही, बरंच खाली थांबतं. नळ सगळे बंद, प्रवाह शून्य, तरी उंची गायब. ही पाइपात अडकलेली हवा. टाकीतून निघालेला पाइप कठड्यावर चढतो, पुन्हा उतरतो, दुसऱ्या पाइपावरून उडी मारतो. प्रत्येक उंचवट्याच्या पलीकडच्या उताराला हवेची पोकळी बसते. हवेला वजन जवळजवळ नाही, त्यामुळे त्या पोकळीची उभी उंची तुमच्या हिशेबातून थेट वजा होते. ६० सेंटीमीटरचे तीन उंचवटे म्हणजे १.८ मीटर गेले, १.९ मधून. तळमजल्याला ११ मीटरमधून एवढे गेले तरी पत्ता लागत नाही. शिवाय जोराचा प्रवाह बुडबुडे ओढून बाहेर काढतो, मंद प्रवाहात ते उलटे वर चढून तिथेच बसतात. म्हणजे ज्याचा दाब कमी त्याचीच हवा निघत नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे उलटं पाणी मारणं. दाब असलेल्या नळाची किंवा पंपाची होज बंद पडलेल्या नळाला जोडायची, दोन्ही उघडायचे आणि टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत पाणी वर ढकलायचं. पाणी पिण्याजोगं स्वच्छ असावं, आणि काम झालं की होज काढून टाकावी. पण टाकी पुन्हा रिकामी झाली की हवा परत शिरते. कायमचा उपाय म्हणजे पाइपाला टाकीपासून सतत उतार, आणि गेट व्हॉल्व्हच्या लगेच पुढे टी लावून अर्धा इंची हवेचा पाइप सरळ वर, टाकीच्या झाकणापेक्षा उंच. तोंड खाली वळवून जाळी बसवायची, नाहीतर डास आणि पाली.

उंचीच कमी असेल तर टाकी वर उचलता येते. लोखंडी स्टँडने १ मीटर वाढवला तर १.९ चे २.९ होतात, वरच्या मजल्याला हे मोठंच दान. पण हजार लिटर म्हणजे एक टन. चार पायांखाली दहा बाय दहा सेंटीमीटरच्या पट्ट्या असतील तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर अडीच किलो, तेही स्लॅबच्या मधोमध. स्टँड बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावर घ्यावा, आणि इमारतीच्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

प्रेशर पंप दीड बार देत असेल तर तो टाकी १५ मीटर उचलल्यासारखा. त्यात एक गोम आहे. साध्या पंपांत प्रवाह जाणवला की सुरू होणारा स्विच असतो. त्याला सुरू व्हायलाच थोडं पाणी आपोआप वाहावं लागतं. ज्या घराला पंपाची सगळ्यात जास्त गरज, तिथे धार इतकी बारीक की पंप जागाच होत नाही. अशा ठिकाणी दाबावर चालणारा स्विच असलेला पंप घ्यायचा. आणि पंप आला की पाण्याचा ठोकाही येतो. अर्धा इंची पाइपाच्या १५ मीटरमध्ये साधारण दोन-पावणेदोन किलो पाणी असतं आणि ते सेकंदाला दीड मीटर वेगाने धावत असतं. पाव फेऱ्यात बंद होणारा नळ किंवा वॉशिंग मशिनचा व्हॉल्व्ह ते एक दशांश सेकंदात थांबवतो, तेव्हा क्षणभर सव्वादोन बार जादा दाब उठतो. भिंतीतली 'ठक' ती हीच. पाइपाला क्लॅम्प जवळजवळ घेतले आणि नळ सावकाश बंद केला की बराचसा जातो.

खालच्या हौदातून वर पाणी नेणाऱ्या मोनोब्लॉक पंपाबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे: मोठ्या अश्वशक्तीचा पंप घेतला की खोलातून ओढेल. पंप पाणी ओढत नाही. तो आत दाब कमी करतो, वर ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते, आणि हवेची ताकद ठरलेली आहे. शोषणपंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाही, ही अडचण गॅलिलिओने १६३८ मध्ये नोंदवली. त्याचा शिष्य टॉरिचेलीने काही वर्षांतच पाऱ्याच्या नळीने कारण दाखवलं. समुद्रसपाटीला ही मर्यादा १०.३ मीटर. पुण्याच्या उंचीवर ९.७ च्या आसपास, महाबळेश्वरला पावणेनऊ. त्यातून कोमट पाण्याची वाफ, फूट व्हॉल्व्ह (शोषणाच्या पाइपाच्या तळाशी असलेला एकतर्फी व्हॉल्व्ह) आणि पाइपातलं घर्षण वजा केलं की व्यवहारात सहा-सात मीटर उरतात. विहिरीचं पाणी त्याखाली गेलं तर पंप खाली उतरवायचा किंवा सबमर्सिबल टाकायचा, कारण तो खालून ढकलतो आणि ढकलायला अशी मर्यादा नाही. रोज सकाळी पंपात पाणी भरावं लागत असेल, तर फूट व्हॉल्व्हखाली कचरा अडकलेला असतो किंवा शोषणाच्या बाजूचा एखादा जोड हवा घेत असतो. तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते, म्हणून तो जोड कोरडा दिसतो आणि कुणाला संशय येत नाही.

आता थोडं विजेच्या बिलाकडे. हजार लिटर पाणी २० मीटर चढवायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १९६ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.०५४ युनिट. छोट्या पंपाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तरी ०.१८ युनिट. तेच हजार लिटर फक्त एका अंशाने तापवायला ४,१८६ किलोज्यूल, १.१६ युनिट. एक अंश तापवणं म्हणजे तेच पाणी ४२७ मीटर उचलणं. उलट बाजूने पाहा: जोगचा धबधबा २५३ मीटर कोसळतो, ती सगळी ऊर्जा पाण्यातच उष्णता होऊन राहिली तरी पाणी जेमतेम ०.६ अंश तापेल. त्यामुळे पंप दहा मिनिटं जास्त चालला म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी गिझरकडे पाहावं.

१५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २५ अंशांचं पाणी ६० ला न्यायला १८ मिनिटं आणि ०.६१ युनिट घेतो. जानेवारीत नाशिकला टाकीतलं पाणी १५ अंशांवर असेल तर साडेतेवीस मिनिटं. आंघोळीला ४० अंश पुरतात. ६० चं पाणी २५ च्या पाण्यात मिसळलं तर १५ लिटरचे ३५ लिटर होतात. १५ च्या पाण्यात मिसळलं तर २७ च. थंडीत दुसऱ्याला पाणी पुरत नाही ते यामुळे, गिझर बिघडलेला नसतो. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला २ लिटर प्रवाहाला साडेएकवीस अंशच वाढ देऊ शकतो, ३ लिटरला चौदा. पाणी गरम येत नाही म्हणून नळ आणखी सोडला तर आणखी गार येणार.

आणखी एक गोष्ट. २५ वरून ६० अंशांवर जाताना पाणी १.४ टक्के फुगतं. १५ लिटरला ते २०० मिलिलिटरहून थोडं जास्त भरतं. थंड पाण्याच्या वाटेवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह) असल्याने ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं. तापताना ठिबकणं योग्यच आहे. तिथे बूच ठोकणारे लोक आहेत. ते टाकीला फुटायला सांगत असतात.

सोलर वॉटर हीटरमध्ये वरचे सगळे हिशेब एकत्र येतात आणि चूक करायला जागा फार कमी राहते. पंप नसलेल्या सिस्टिममध्ये पाणी फिरतं ते घनतेच्या फरकावर. ३० अंशांचं पाणी लिटरला ९९५.६ ग्रॅम, ६० अंशांचं ९८३.२. एक मीटर उभ्या उंचीत हा फरक १२ मिलिमीटर पाण्याएवढा दाब देतो. सगळं अभिसरण या १२ मिलिमीटरवर चालतं, त्यामुळे पॅनेलपासून टाकीकडे जाणाऱ्या पाइपात बोटभर उंचवटा आणि त्यात हवा आली तरी अभिसरण बंद. पाइप सतत चढताच हवा. फ्लॅट प्लेट (काचेखालचं सपाट पॅनेल) असेल तर टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा किमान ३० सेंटीमीटर वर ठेवायचा, नाहीतर रात्री पॅनेल गार होतं आणि चक्र उलटं फिरून दिवसाची कमाई आकाशाला देतं. काचेच्या नळ्यांच्या सिस्टिममध्ये टाकी आपोआप वर असते, तिथे हा त्रास नाही. तिथे दुसरं पथ्य: उन्हात रिकाम्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडायचं नाही, काच तडकते. भरायचं ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर.

थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर लागते, कारण गरम पाणी स्वतःहून खाली येत नाही, मागून येणारं गार पाणी त्याला ढकलतं. सोलरच्या टाकीचा हवेचा पाइप थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा उंच हवा, नाहीतर गरम पाणी तिथून दिवसभर गच्चीवर वाहत राहील. हा पाइप चोंदला तर उलट संकट. वरून पाणी यायचं थांबलं आणि खाली कुणी गरम नळ उघडला, तर पाइपात लटकलेला ३ मीटरचा पाण्याचा स्तंभ टाकीला आतून ओढतो. दर चौरस मीटरला तीन टनांचा हा भार असतो. स्टीलची टाकी आत चेपलेली दिसते ती अशी.

गरम पाण्याच्या पाइपात हवा गारपेक्षा जास्त वेळा अडकते, त्याचं कारण प्लंबर सहसा सांगत नाहीत. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते आणि पहिल्या उंचवट्याला जमते. म्हणून या पाइपाचा उतार गार पाइपापेक्षाही काटेकोर हवा. जाडी मात्र विचार करून घ्यावी. अर्धा इंची पाइप मीटरला १२० मिलिलिटर पाणी धरतो, पाऊण इंची २५० हून जास्त. सोलरपासून बाथरूमपर्यंत २० मीटर असतील, तर गरम पाणी येईपर्यंत एकात अडीच लिटर गार पाणी सोडावं लागतं, दुसऱ्यात पाच. दाब पुरेसा असलेल्या खालच्या मजल्यांना अर्धा इंचीच द्यावा.

आणि मिक्सर. गार पाणी प्रेशर पंपावर, गरम पाणी सोलरच्या नुसत्या उंचीवर, अशी जोडणी असेल तर मिक्सर उघडताच गार पाणी गरम पाइपात उलटं घुसतं आणि सोलरच्या टाकीत जाऊन बसतं. आंघोळ गार पाण्याने होते आणि शिव्या सोलरवाल्याला पडतात. तपासायला मिक्सरखालचा गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून मिक्सर पूर्ण गरमकडे फिरवा. थोड्या वेळाने गरम धार आली, तर दोष सोलरमध्ये नाही, दाबाच्या फरकात आहे. गरम पाइपात एनआरव्ही बसवला की उलटं घुसणं थांबतं, पण मिक्सरमध्ये गरम पाणी मागेच रेटलं जातं. बरोबर मिश्रण हवं असेल तर दोन्ही पाणी एकाच उंचीवरून घ्या, किंवा दोन्ही पंपावर; गरम बाजूला पंप लावताना तो तेवढं तापमान सोसणारा आहे ना, हे लेबलवर वाचून घ्या.